भुसावळला न थांबणारं विमान

मुंबई, ९ फेब्रुवारी १९५५

ती. अक्का,

लीलाधरचा नमस्कार.

प्रमिलाच्या वडिलांची नागपूरला बदली झाली, त्याच सकाळी माझं कॉलेज संपलं. आबा अजून माझ्या आळसाला दोष देतात, देऊ देत. त्यांचा खोकला कसा आहे? मी दोन्ही वेळा जेवतो.

तिचं लग्न उद्या गोरजाला आहे, हे तुझ्या पत्रातून कळलं. मला तिला एवढंच विचारायचं आहे, की तू स्वतः हो म्हणालीस का? हेच विचारायला मी मार्गशीर्षातही निघालो होतो. पण नागपूरच्या वाटेवर भुसावळला मामांकडे उतरायचं, ही आपल्या घरची रीत. "भाचेबुवा, भरीत न खाता गेलात तर लोक मला काय म्हणतील?" असं म्हणत मामांनी चार दिवस ठेवून घेतलं. तेवढ्यात तिकडे साखरपुडा उरकला.

म्हणून या खेपेला विमान. सांताक्रूझ ते नागपूर सव्वाचारशे मैल, पावणेतीन तास. मी तिकिटाच्या कारकुनाला विचारलं, "मध्ये भुसावळला थांबतं का?"

तो म्हणाला, "दादा, विमान आहे, एस.टी. नाही."

बरं वाटलं.

मी चिडणार नाही, तुझी शपथ. ती हो म्हणाली, तर पंगतीत जेवून मुकाट्यानं परतेन. नाही म्हणाली, तर आम्ही दोघं फैजपूरला तुझ्या दारात येऊ. आबांसमोर तू उभी राहशील ना?

विमान अडीचला आहे. पत्र पाकिटात घालतो, दार लावतो आणि निघतो.

तुझा धाकटा,
लीलाधर