बांधावरून पाहिलेली आवणी

आई,

परवा एक फोन आला आणि तेव्हापासून तू डोक्यातून हलत नाहीस, म्हणून हे लिहायला बसले. तुला ठाऊक नाही, पण गेली काही वर्षं मी आपल्या तालुक्याच्या एका साप्ताहिकात सिनेमांवर लिहिते. आळेफाट्याचं ऑफिस सुटलं की एसटी धरायची, नवा सिनेमा पाहायचा आणि रविवारी पोटात जे खदखदत असेल ते कागदावर ओतायचं. माझी जीभ तिखट आहे असं तू म्हणायचीस. आता लोक तिला परखड म्हणतात. गेल्या महिन्यात एका गाजलेल्या सिनेमावर मी लिहिलं, 'ही नायिका भात लावत नाही, तुडवते. तिच्या तोंडाकडे नका बघू, हाताकडे बघा.' ते इतकं चाललं की स्टँडवर लोक थांबवून बोलायला लागले. पिंपरी पेंढारचे एक शेतकरी म्हणाले, "मॅडम, तुमी खाचरात राबलेल्या दिसता. त्याबिगर असं लिवता येत नाय." मी हसले आणि त्यांनी दिलेला चहा प्यायले. तसं काही नाही, एवढंही माझ्या तोंडून निघालं नाही. आणि परवा संपादकांचा फोन आला, की पावसाळी अंकाच्या पहिल्या पानावर माझा फोटो हवा, भाताची आवणी करतानाचा, पोटरीभर चिखलात, हातात रोपांची मूठ. मी हो म्हणून बसले.

तो सिनेमा होताच तसा. त्यातली डोंगरातली मुलगी शहरातल्या इंजिनिअरला बघून झाडामागे लपते. आपल्या घाटघरच्या मुली सकाळच्या एसटीनं जुन्नरला कॉलेजात जातात, पासावरून कंडक्टरशी भांडतात, आणि ही झाडामागे. गालाला चिखल, तोही टिकली लावावी तसा एकाच जागी. शेण काढतानासुद्धा नाकात नथ. पुरुष एकतर इतका भोळा की त्याला पोरानंही फसवावं, नाहीतर इतका माजलेला की मिशीला पीळ देण्यापलीकडे त्याला उद्योग नाही. आणि बोलणं सगळ्यांचं एकच गावठी, कोकणातला, देशावरचा आणि आपला डोंगरातला माणूस एकाच मास्तरांकडे शिकल्यासारखा. बरं, हे सोडून त्या गंभीर, बक्षिसं मिळवणाऱ्या सिनेमांकडे वळावं, तर तिथं आपल्यासारखी माणसं नुसती उंबऱ्यावर बसून लांब कुठंतरी बघत राहतात. कुणी हसत नाही. त्या दिग्दर्शकांना एकदा तुमच्या आवणीच्या रांगेत उभं करायला हवं होतं. तुम्ही बाया वाकून जे चावट बोलायच्या त्यानं त्यांचे कान लाल झाले असते. टिंगल करणाऱ्यांचा मला जितका राग येतो तितकाच कीव करणाऱ्यांचा येतो, कारण दोघांनीही आपल्याला नीट पाहिलेलं नसतं. हे मी ठासून लिहिते आणि लोकांना पटतं. पण त्यात माझं किती आणि तुझं किती, हे मी आजवर कुठंच लिहिलेलं नाही.

शाळेशेजारच्या घरात वाडीतला पहिला टीव्ही आला तेव्हाची गोष्ट. रविवारी संध्याकाळी सगळे तिथं जमायचे. तू सगळ्यांत शेवटी यायचीस, हाताला पीठ तसंच. एकदा पडद्यावर चुलीपुढं बसून नटी भाकरी करत होती आणि मी तिच्या डोळ्यांकडे, केसांकडे बघत हरखून गेले होते. तू मागून म्हणालीस, "तोंडाकडं काय बघती? हाताकडं बघ. भाकर थापती का टाळ्या वाजवती?" सगळं घर हसलं. मला तुझा राग आला, कारण त्यानंतर मला ती नटी सुंदर दिसेचना. आणि त्यानंतर मला कुठलाच सिनेमा पहिल्यासारखा बघता आला नाही. ड्रायव्हर झालेला नट गिअर कसा टाकतो, शेतकरी झालेला नट विळा कसा धरतो, हेच डोळ्यांना आधी दिसतं. माझ्या सगळ्या परखडपणाचं मूळ तुझ्या त्या पिठाच्या हातात आहे.

आणि मग ते शूटिंग. मी जुन्नरला कॉलेजात होते, हॉस्टेलवरून सुट्टीला आलेली. सिनेमावाल्यांच्या दोन बसगाड्या नाणेघाटाच्या बाजूनं आपल्या खालच्या खाचरापाशी येऊन थांबल्या. अजून डोळ्यांसमोर आहे. तुम्ही सगळ्या डोक्यावरून प्लास्टिकचा कागद घेऊन उभ्या आहात. दिग्दर्शकाचा सहायक म्हणतो, कागद नको, पानांची जुनी इरली पाहिजेत. इरली डोक्यावर घेणं तुम्ही केव्हाच सोडलेलं. मग माळ्यावरून ती उतरवली जातात, झटकली जातात, एकात उंदराचं घर निघतं. ती घेऊन तुम्ही उभ्या राहता, तर तो म्हणतो, आता तोंडं दिसत नाहीत, काढा. तुम्ही हसता आणि काढता. पण त्यानंतर तो जे सांगतो त्यावर कुणी हसत नाही. आवणी करणारी बाई मागं मागं सरकत जाते, म्हणजे लावलेलं रोप तिच्या पुढ्यात उभं राहतं. आपल्याकडं हे कुणाला शिकवावंही लागत नाही. पण कॅमेरा समोर होता आणि त्याला तुम्ही जवळ येताना हव्या होत्या.

"मावशी, लावत लावत पुढं चालत या."

"मंग लावलंलं तुडवायचं का?" तू विचारलंस.

"पडद्यावर कुणाला कळतंय, मावशी?"

"आमाला कळतंय की," तू म्हणालीस. पण गावातल्या मोठ्यांनी त्यांना शब्द दिलेला होता. शेवटी पदर खोचून तुम्ही पुढं चालत आलात, आपलीच रोपं आपल्याच पायांखाली घेत. तुझा चेहरा मी तेव्हा पाहिला. घरात कुणी गेल्यासारखा झाला होता.

जेवणाच्या सुट्टीत ती नायिका अनवाणी खाचरात उतरली. आदल्या दिवसापासून तू सांगत होतीस की मुंबईच्या नट्यांना पाणीसुद्धा दुसऱ्यानं पाजावं लागतं. ती तुझ्याजवळ आली आणि हिंदीत म्हणाली, मला खरं कसं लावतात ते शिकवा. मी बांधावर होते, इस्त्रीच्या ड्रेसमध्ये, छत्री धरून. मला हिंदी येतं म्हणून तुमचं बोलणं इकडून तिकडं मी पोचवत होते. तू म्हणालीस, "तीन बोटांत धर. अंगठा पुढं. लई खोल नगं, उभं ऱ्हायलं पायजे. आन् मागं सर." मी ते तिला हिंदीत सांगितलं. तिची पहिली रोपं पाण्यावर तरंगली, दुसरी आडवी झाली. तिसऱ्या ओळीला रोपं उभी राहिली. तू हात धुतलेस आणि सगळ्या बायांना ऐकू जाईल असं म्हणालीस, "हिला येतंय. मी उगाच बोलले व्हते." तिखट बोलायला मी तुझ्याकडून शिकले, पण असं चारचौघांत शब्द मागं घ्यायला अजून शिकायची आहे. सुट्टी संपल्यावर त्या बिचारीलाही कॅमेऱ्यासमोर पुढंच चालायला लावलं. गाड्या गेल्या आणि तुम्ही सगळ्या परत खाचरात उतरलात. तुडवलेलं उपटून, उरलेली रोपं घेऊन, अंधार पडायच्या आत सगळं पुन्हा लावलंत, मागं सरकत.

पुढच्या हिवाळ्यात तो सिनेमा जुन्नरच्या टॉकीजला लागला आणि आपण जीप भरून गेलो. तू पडद्यावर आलीस आणि डोळा मिटायच्या आत गेलीस. तेवढ्यात तू भर टॉकीजात म्हणालीस, "आता समद्यांना वाटंल आमाला आवणी येत नाय. आन् त्या पोरीला येत व्हतं, मीच शिकवलं तिला." पुढच्या रांगेतली माणसं मागं वळली. माझ्या कॉलेजातल्या दोघीजणी तिथं होत्या. मी तुझा हात दाबला आणि म्हणाले, "आई, गप ना. लोक बघत्यात." मला तुझी लाज वाटली होती, हे आता स्पष्टच लिहिते. तू गप्प बसली नाहीस. आवाज तेवढा खाली घेतलास, माझ्या कानाला लागलीस आणि उरलेला सिनेमा कानातच सांगत राहिलीस. कोण घागर रिकामी उचलतंय, कोणाचा विळा उलटा आहे, कोणती म्हातारी खरी आहे. तुझ्या तोंडाला मिसरीचा वास येत होता आणि मी अंग चोरून बसले होते. त्या दीड तासात जे शिकले त्यावर आज माझा रविवार चालतो. पुढच्या आवणीला तू नव्हतीस.

तुला आठवतं का, मी एकदा म्हटलं होतं की मलाही आवणी शिकव? तू म्हणालीस, "नगं. पायाला चिखल्या व्हत्यात. तुझं अक्षर चांगलं हाय, तू वरच ऱ्हा." तुला वाटलं असेल की मी हिरमुसले. खरं तर मला बरं वाटलं होतं. माझे पाय कोरडे राहावेत म्हणून तू आयुष्यभर चिखलात उभी राहिलीस, आणि लिहिणारा हा हात तूच मला राखून दिलास. याबद्दल तुझे आभार कधी मानले नाहीत. आपल्याकडं आईचे आभार मानायची रीत नाही. पण मला मानायचे आहेत.

म्हणून काल सकाळी मी संपादकांना फोन केला आणि सांगितलं, "मला आवणी येत नाही. माझ्या आईला यायची. मी ती बांधावरून पाहिलेली आहे. ते हाताकडं बघण्याचं वाक्यही तिचंच आहे, तसं छापा." ते हसले. म्हणाले, "अहो मॅडम, फोटोत कुणाला कळतंय?" मी म्हणाले, "मला कळतंय."

मग घाटघरची एसटी धरली. सोबत फोटोवाला नव्हता. काकी, तुझी धाकटी जाऊ, खाचरातच होती. तिला म्हटलं, मला शिकव. तिनं मला खालपासून वरपर्यंत पाहिलं. "आता? केस पिकल्याव?" एवढं बोलून तिनं एक मूठ माझ्या हातात दिली. तीन बोटं, अंगठा पुढं, मागं सर, सगळं मला दोन भाषांत पाठ होतं. कंबर मोडेस्तोवर एक ओळ लावली. सरळ होऊन पाहिलं तर निम्मी रोपं तरंगत होती आणि निम्मी झोपली होती. काकी वाकली, माझी अख्खी ओळ उपटली आणि मागं सरकत पुन्हा लावली. मी पाय धुऊन बांधावर बसले आणि तिच्या हातांकडे बघत राहिले.

हे पत्र पाठवायला पत्ता नाही, आणि असता तरी तुला ते मलाच येऊन वाचून दाखवावं लागलं असतं. घडी घालून ठेवून देते. फक्त एक गोष्ट तुझ्याजवळ कबूल करते, काकीला सांगितलेली नाही. तिच्या ओळीतलं एक रोप वाकडं होतं, आणि ते मला बांधावरून दिसलं.