सरहद्द सरकवणारे

१२ एप्रिल
ऑरिनची सभा झाली. गुरांच्या लिलावाच्या शेडमध्ये — तिथं एरवी निदान समजूतदार जनावरं तरी उभी असतात. माझा धाकटा भाऊ खोक्यावर चढून सांगत होता: पोर्टलंडच्या शहरवाल्यांचं नि आपलं पटत नाही. मग भांडण नको, बंदुका नकोत, गुपचूप वेगळं होऊ. अख्खा जिल्हा ऑरेगॉनमधून काढायचा, शेजारच्या आयडाहोला जोडायचा. मे महिन्यात मतदान. "घरं हलवायची नाहीत, फक्त सरहद्द सरकवायची!" टाळ्याच टाळ्या.
ज्याला स्वतःच्या कुंपणाचा कललेला खांब सरळ करता येत नाही, तो राज्याची सरहद्द सरकवणार.

१५ एप्रिल
ऑरिन प्रचाराचा फलक घेऊन दारात. "ताई, तुझ्या अंगणात लावू?"
"आयडाहोला विचारलंस का, आम्ही येतोय म्हणून?"
"तू म्हणजे ना, अगदी पोर्टलंडची झालीस."
पोरगी तिकडं राहते, एवढाच माझा गुन्हा. फलक परत पाठवला. भावजयीनं भाजून पाठवलेली ॲपल-पाय मात्र ठेवून घेतली.

२३ एप्रिल
हार्लनच्या पेट्रोल पंपावर गहन चर्चा: आयडाहोत गेलो तर घड्याळं तासभर पुढं करायची, मग बार लवकर बंद होणार का? राष्ट्रं अशीच घडत असावीत.

४ मे
लेकीच्या, कॅरिसच्या वाढदिवसाला पोर्टलंड. दिवसभर गाडी हाकून कंबरेचे तुकडे झाले. जेवायला तिचे मित्र — सगळे सभ्य, सगळे शिकलेले, ताटात पाल्याशिवाय काही नाही. आमच्या मतदानाचा विषय निघाला. एक दाढीवाला म्हणाला, "जाऊ द्या की. त्यांचे रस्ते आपल्याच करातून होतात. ब्याद जाईल." सगळे हसले. कॅरिसही हसली. मग माझ्याकडं लक्ष गेलं. "आई तशी नाहीये हं," ती म्हणाली.
कशी नाही?

५ मे
सकाळी कॉफी घेताना विचारलं, काल हसलीस का? म्हणाली, "अगं, खरंच गेले ते तर काय बिघडतं? तू इकडं ये राहायला. तिथं आहे काय आपलं?"
तिचा बाप आहे तिथं, टेकडीवरच्या दफनभूमीत. तो गेला तेव्हा रस्ता बर्फानं बुजला होता. हा मूर्ख ऑरिन ट्रॅक्टर घेऊन बर्फ उपसत वर पोचला, म्हणून त्याला वेळेवर मातीत ठेवता आलं. कॅरिस तेव्हा माझ्याशेजारी उभी होती. मी आठवण करून दिली नाही. आठवण करून द्यावी लागते, तिथंच संपलं.
ऑरिनचे लोक गाढव आहेत. हे लोक हुशार आहेत, आणि आम्ही गेलेलो यांच्या लक्षातही येणार नाही.

१९ मे
कोर्टाच्या दारातल्या पेटीत मत टाकून आले. वेगळं व्हायचं, यावर खूण केली. ऑरिनला सांगणार नाही, उगाच शेफारेल. कॅरिसला सांगायला हवं.