झॉम्बी अशक्य का : मुद्दा सातवा

१ ऑक्टोबर, सकाळ

आजपासून रोजनिशी. निवृत्त झालो की लिहायचीच असं ठरवलं होतं. त्याला तीन वर्षं झाली, पण मनासारखं पेन मिळत नव्हतं.

कारण मोठं आहे. गावच्या लायब्ररीने व्याख्यानाला बोलावलंय. शनिवार, २५ तारीख, संध्याकाळी साडेसहा. विषय : झॉम्बींची साथ जीवशास्त्राच्या दृष्टीने का अशक्य आहे. हा माझाच विषय. हायस्कूलला बायोलॉजी शिकवत होतो तेव्हा दर ऑक्टोबरात यावर एक तास घ्यायचो. मुद्दे सात. सातव्यापर्यंत एकदाही पोचलो नाही. तिसऱ्यालाच घंटा व्हायची. दोष घंटेचा.

लायब्ररीत घंटा नाही. लायब्ररियन प्रिसिलाला फोनवर दोनदा विचारून घेतलं. (माझीच विद्यार्थिनी. सी प्लस.)

त्याच संध्याकाळी अग्निशमन दलवाल्यांची झॉम्बी फेरी असते. सगळं गाव तोंडं रंगवून, पाय ओढत, त्यांच्या फायर हॉलपासून नदीच्या पुलापर्यंत जातं. प्रत्येकाने गरिबांसाठी बंद डब्यातलं काहीतरी आणायचं असतं. हेतू चांगला, पण विज्ञान शून्य. आणि नेमकी तीच वेळ साधून लायब्ररी माझ्या बाजूने उभी राहतेय. छाती लागते त्याला.

संकल्प : रोज पाऊण तास सराव. चिडायचं नाही. डोनट बंद.

३ ऑक्टोबर

वांडाला म्हटलं, तू पहिल्या रांगेत बसायचं. संसाराला चाळीस वर्षं झाली, पण माझ्या बायकोने हे व्याख्यान पुरतं ऐकलेलं नाही. घरी सुरू केलं की दुसऱ्या मुद्द्याला तिला धुणं आठवतं. आज मात्र लगेच हो म्हणाली. अगदी तुझ्या समोर येते की नाही बघ, म्हणाली. डोळ्यांत चमक होती.

डोनट एक. उभ्याने खाल्ला.

६ ऑक्टोबर

शेजारच्या गसला साक्षीदार नेमलं. जन्मभर ॲम्ब्युलन्स चालवली त्याने. गावात सर्वांत जास्त मढी पाहिलेला माणूस. त्याला समजावलं : पहिला मुद्दा संपला की तू उठायचंस आणि सांगायचंस, इतकी माणसं वाहून नेली, एकही उठून बसलं नाही. गस इतका हसला की त्याला टपालपेटी धरून उभं राहावं लागलं. मग म्हणाला, मास्तर, हृदयबिदय ठीक आहे ना तुमचं? एकदम दचकलात तर चालतं का? गोळ्या कुठल्या घेता?

असा शेजारी मिळायला भाग्य लागतं.

९ ऑक्टोबर, सकाळ

ओटमील संपलं. परवाच मोठा डबा आणला होता. आहे कुठे, तर बाथरूममध्ये, वाडग्यात कालवून. वांडा म्हणाली, त्वचेसाठी. कोरडा टोस्ट खाल्ला, तोही मुद्दाम तिच्यासमोर.

संध्याकाळ

गुरुवारी ती चर्चच्या तळघरात बायकांबरोबर पिरोगी, म्हणजे उकडलेल्या पोलिश करंज्या, वळायला जाते. आज आली तर हाताला पिठाचा कण नाही आणि बाहीवर लाल डाग. बीट सांडलं, म्हणाली. पिरोगीत बीट? नवीन काहीतरी काढलं असेल चर्चने.

१३ ऑक्टोबर

वांडा लंगडतेय.

तळघरातून कण्हण्याचा आवाज आला म्हणून खाली गेलो. वॉशिंग मशीन ते नाताळच्या सजावटीची खोकी एवढ्याच जागेत ती येरझाऱ्या घालत होती, डावा पाय ओढत, मान एका बाजूला टाकून. मला बघून सरळ उभी राहिली. काही नाही रे एमिल, जरा कंबर मोकळी करतेय.

मी काय मूर्ख आहे? इतकी वर्षं वर्गातल्या सांगाड्याबरोबर काढली. खुब्याचा सांधा. तिच्या आईचाही तोच गेला होता.

१५ ऑक्टोबर

आज तिचा चेहरा पांढराफटक, डोळ्यांखाली काळं. विचारलं तर गडबडीने तोंड धुऊन आली. धुतल्यावर बरं दिसलं. पाण्याने रक्ताभिसरण सुधारतं.

सरावात लक्ष नाही. पहिला मुद्दा झाला : हृदय थांबलं की मेंदू काही मिनिटांत संपतो, मग पायांना चाला म्हणून सांगायचं कोणी? दुसराही झाला : मेलेल्या स्नायूला ऊर्जा मिळत नाही, काही तासांत मढं लाकडासारखं ताठतं, नंतर सैल पडतं ते कायमचं. तिसऱ्यावर अडकलो. तिसरा म्हणजे कुजणं, माशा, अळ्या. इथे मी रॅकूनचं, कचऱ्याचे डबे उचकणाऱ्या त्या प्राण्याचं, उदाहरण देतो. रस्त्यावर मेलेला एक रॅकून मी परसात तारेच्या टोपलीखाली ठेवला होता आणि त्याचं काय काय होतं ते रोज पाहत होतो. वांडा तेव्हा कपडे दुसऱ्यांच्या दोरीवर वाळत घालायची. उदाहरण फार बोलकं आहे. जरा लांबतं.

१७ ऑक्टोबर

वांडासाठी डॉक्टरांची सोमवारची वेळ घेतली. तिने फोन करून ती रद्द केली. पंचवीस तारीख होऊ दे, मग बघू, म्हणाली. हल्ली सगळंच पंचवीस तारखेनंतर.

आता लक्षात आलं. माझ्या व्याख्यानात विघ्न नको म्हणून दुखणं लपवतेय.

मनात नको नको ते येतं. जेवलो नाही. (डोनट दोन. ते जेवणात धरत नाहीत.)

ठरवलं : व्याख्यान तिला अर्पण. सातवा मुद्दा बोलताना तिच्याकडेच बघायचं.

२० ऑक्टोबर

मेन स्ट्रीटवर जिकडेतिकडे फेरीची पोस्टरं. मधोमध जबडा लोंबणारा मेलेला माणूस. असली पोस्टरं मी वाचत नाही. तत्त्वाचा प्रश्न आहे. रस्ता ओलांडून पलीकडून जातो. पलीकडेही आहेत, म्हणून खाली बघून चालतो.

प्रिसिला म्हणाली, सर, खुर्च्या कमी पडतायत, फायर हॉलमधून मागवल्यात. फायर हॉलमधून! म्हणजे शत्रूच्या खुर्च्या माझ्या सभेला. तिकडची गर्दी इकडे वळली, दुसरं काय? पुढे म्हणाली, पांढरा कोट घालून या ना सर, पण जुना, जिवापाड जपलेला नको. आणि कॉर्न सिरपची, मक्याच्या पाकाची, ॲलर्जी नाही ना तुम्हाला? मी म्हटलं, व्याख्यानात सिरप घातलेले पॅनकेक नकोत, श्रोते सुस्तावतात. ती म्हणाली, आणि पावणेसातपर्यंतच हं सर. मी फक्त हसलो. पंधरा मिनिटांत सात मुद्दे! घंटेपासून सुटलेला माणूस आहे मी.

२२ ऑक्टोबर

चांगला कोटच घालणार. वांडाने इस्त्री केली. म्हणाली, डावी बाही उसवली होती, नुसती टाचलीय, हात जोरात हलवू नकोस. एवढ्या दुखण्यातही कोटाची काळजी.

माझा तपकिरी सूट कपाटात नाही. ड्रायक्लीनला टाकलाय म्हणे. तो मी गेली आठ वर्षं घातलेला नाही. बाई कामात मन गुंतवतेय.

२४ ऑक्टोबर

गसच्या गॅरेजमध्ये शिडी मागायला गेलो तर आत अर्धी गल्ली उभी. मला बघताच सगळे गप्प. कोणीतरी बादलीवर ताडपत्री ओढली. गस म्हणाला, अरे मास्तर, आम्ही हिवाळ्याबद्दल बोलत होतो.

समजलो. व्याख्यानानंतर माझा सत्कार आहे. मला आश्चर्य वाटल्याचं दाखवावं लागेल. आरशासमोर तसा चेहरा करून पाहिला. जमतो.

शेवटचा सराव. रॅकून संपेपर्यंत पन्नास मिनिटं झाली. उद्या जरा आवरतं घेऊ.

२५ ऑक्टोबर, संध्याकाळ

निघतो. वांडा पुढे गेली, जागा धरायला. लंगडत गेली. दाराशी म्हणाली, एमिल, काहीही झालं तरी तू बोलत राहा. काहीही झालं तरी! म्हणजे तिला माहीत आहे. डॉक्टरांनी आधीच काहीतरी सांगितलंय.

आज सातव्या मुद्द्यापर्यंत जायचंच. तिच्यासाठी.

२५ ऑक्टोबर, रात्र

विश्वासघात.

२६ ऑक्टोबर

काल लिहिणं शक्य नव्हतं. पेन सिरपाने चिकटलं होतं.

हॉल गच्च भरलेला. पहिल्या रांगेतली मधली खुर्ची रिकामी. वांडाची. बोलताना सारखं लक्ष तिकडे. पहिला मुद्दा झाला, गसची साक्ष पुकारली, गस नाही. लोक मात्र कान टवकारून ऐकत होते. इतकं लक्ष मला तीस वर्षांत मिळालं नव्हतं. दुसरा मुद्दा झाला. रिकामी खुर्ची बघून वाटलं, ही कुठेतरी वाटेत पडली. थांबावं, शोधावं. पण तिनेच सांगितलं होतं, बोलत राहा. म्हणून तिसरा सुरू केला. म्हटलं, आमच्या परसात एकदा एक रॅकून...

दिवे गेले. मागचं दार धाडकन उघडलं. अख्खं अग्निशमन दल कण्हत आत. सर्वांत पुढे, माझ्या तपकिरी सुटात, डावा पाय ओढत, ओटमीलच्या लगद्याचा अर्धा गाल लोंबतोय : वांडा.

कोणी वाचणार नाही म्हणून खरं लिहितो. आधी राग आला नाही. आधी वाटलं, हिचा खुबा ठणठणीत आहे. फार बरं वाटलं.

मग ती माझ्या हाताला चावली. बाही एका ओढीत निघून आली. टाचलेलीच होती.

मी ओरडून सांगितलं, थांबा, मेल्यावर तुमचे गुडघे ताठले असणार, तुम्हाला वाकताच येणार नाही! गस वाकून माझा घोटा खात होता. म्हटलं, गस, तू माझा साक्षीदार! तोंडात माझा मोजा धरून म्हणाला, मास्तर, आडवे व्हा हो, मागच्यांना दिसत नाहीये. वरून बादली ओतली. नकली रक्त : कॉर्न सिरप आणि लाल रंग.

लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते. प्रश्न कोणीही विचारला नाही.

सगळं ऑगस्टमध्येच ठरलं होतं. झॉम्बींच्या गोष्टीत एक शहाणा लागतो, जो हे अशक्य आहे म्हणून सांगतो आणि सगळ्यांत आधी खाल्ला जातो. दुसरं नाव कोणी सुचवलंच नाही. एकमत. नाव मांडलं वांडाने.

आत कधी शिरायचं याची खूण? रॅकून. कोणीतरी म्हणालं होतं, घड्याळ लावू या. वांडा म्हणाली, कशाला, दहा मिनिटांत रॅकून येतो की नाही बघा. सगळं गाव हसलं म्हणे. सगळं गाव माझ्या वर्गात बसून गेलंय. हृदय, मेंदू, स्नायू यांतलं एकालाही काही आठवत नाही. रॅकून प्रत्येकाला आठवतो.

प्रिसिलाने कपाळावर हात मारला. सर, पोस्टरवर होतं ना! होतं. आज पाहिलं. जबड्याखाली, ठळक अक्षरांत : फेरीआधी लायब्ररीत मास्तरांना खाण्याचा कार्यक्रम.

२८ ऑक्टोबर

वांडाशी अबोला. आज तिसरा दिवस. तिच्या लक्षात आलेलं दिसत नाही.

नवीन ओटमील आणलं. लपवलं.

३० ऑक्टोबर

गावात जाणं कठीण झालंय. बँकेतल्या मुलीने दातांचा आवाज काढला. डोनटवाला म्हणाला, खाल्लेल्या माणसाला फुकट. घेतला. अपमान गिळावा लागतो.

गस पाई घेऊन आला. दार उघडलं नाही. पाई पायरीवर ठेवून गेला, ती रॅकूनांच्या तोंडी पडू नये म्हणून आत घेतली.

१ नोव्हेंबर, संध्याकाळ

अबोला संपला. मी संपवला नाही. वांडा स्वयंपाकघरात बसून कानामागचा गोंद तेलाने सोडवत होती. सहज म्हणाली, बरं, सातवा मुद्दा काय होता रे?

बोलणार नव्हतो. पण प्रश्न शैक्षणिक होता.

गॅस बंद केला आणि सांगितलं. चावून पसरणारा रोग हा सगळ्यांत दुबळा. चावायला जवळ जावं लागतं आणि असलं ध्यान दिसताच माणूस पळत सुटतो. पिसाळलेला कुत्रा आला तर गल्ली रिकामी होते, गाव पिसाळत नाही. म्हणून झॉम्बींची साथ पहिल्या गल्लीच्या पुढे जाऊच शकत नाही. इति सिद्धम्.

तिने पूर्ण ऐकलं. चाळीस वर्षांत पहिल्यांदा. धुणं मशीनमध्ये होतं, तरी उठली नाही.

मग म्हणाली, एवढंच?

मी म्हटलं, एवढंच म्हणजे?

म्हणाली, नाही, मला वाटलं, इतकी वर्षं राखून ठेवलास तर काहीतरी मोठं असेल. आणि खरंही नाहीये ते. पहिल्या वर्षी फेरीला आम्ही तीस जण होतो, तू घरी पेपर तपासत बसला होतास. मी गसला ओढलं, गसने फायर हॉलला, त्यांनी पाद्रीबाबांना. यंदा गर्दीला पूल पुरला नाही. कोण पळालं? तू तरी पळालास का?

मी म्हटलं, हे जीवशास्त्र नव्हे. ती म्हणाली, मी कुठे म्हणतेय? आणि उरलेला गोंद काढायला मान माझ्याकडे केली. काढून दिला. नखाला चिकटला.

पुढच्या वर्षासाठी विचारणा झाली आहे. साफ नकार दिला. तत्त्वाचा प्रश्न आहे. गसला फक्त एवढं कळवलं की डाव्या मनगटाला घड्याळ असतं, चावायचं तर उजवीकडून. आणि रॅकून पुरा झाल्यावर.