गुणवंत शिक्षक टिकवण्याबाबत

बोरीतांडा, आखाडा बाळापूरजवळ
५ सप्टेंबर २०२५

ती. आबांस,
पल्लवीचा सविनय जय भीम. वि. वि.

तुम्हाला फोनवर ऐकू येत नाही ते बरंच. ही बातमी ओरडून सांगण्यासारखी नाही.

तालुक्यातली गुणवंत शिक्षिका म्हणून माझी निवड झाली. चार वर्ग, सदतीस लेकरं आणि मी एकटी. दुसरी जागा तीन वर्षांपासून रिकामीच. पहिलीच्या लेकरांना घरची गोरमाटी बोली तेवढी येते, म्हणून शाळेत खिचडी शिजवणाऱ्या जिवनबाईंकडून मी ती शिकले. आधी त्या बोलीत गोष्ट, मग मराठीत. आता तिसरीची लेकरं पेपर वाचतात. शिक्षणाधिकारी साहेबांनी येऊन स्वतः ऐकलं आणि खूश झाले. इतके, की मला सहा महिने जिल्ह्याला प्रशिक्षण द्यायला नेतायत. विषय: गुणवंत शिक्षक शाळेत कसे टिकवावेत.

माझ्या शाळेचं काय, विचारलं. शेजारच्या गावचे गुरुजी आठवड्यातून दोनदा येतील म्हणाले. जिवनबाई म्हणाल्या, लेकरं वाचायला शिकली हीच आपली चूक झाली. त्या हसत नव्हत्या.

पंधरा तारखेला हजर व्हायचंय. काय करू?

प्रकृतीला जपा, माया राहू द्या.
तुमची, पल्लवी


कुरुंदा
१० सप्टेंबर २०२५

चि. पल्लवीस अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. अर्धं वाचून दाखवलं तोवर तुझी आई पेढे वाटायला गेली. उरलेलं ती परतल्यावर वाचलं.

सल्ला द्यायचा मला हक्क नाही. माझं अक्षर चांगलं, म्हणून नोकरीच्या सहाव्या वर्षी मला तालुक्याच्या कचेरीत अहवाल लिहायला नेलं. दोन महिन्यांसाठी नेलं, अकरा वर्षं ठेवलं. शाळेच्या हजेरीवर माझं नाव होतंच, मग तिथं दुसरा माणूस कशाला देतील? आदर्श शिक्षक म्हणून माझा सत्कार झाला, त्या वर्षी मी एकाही लेकराला शिकवलं नव्हतं. हार घालायला माझ्याच शाळेतली पोरं आणली होती. त्यातल्या एकानं शेजारच्याला विचारलं, हे कोण. तू मोठ्या दिमाखात गुरुजींची लेक म्हणून हिंडायचीस, त्यामुळं आजवर सांगवलं नाही.

कचेरीत तकलीफ कसलीच नसते, माणूस तिथंच फसतो. पुढचं तू बराबर ठरवशील.

खुशाली कळवत जा.
तुझा आबा, भिवाजी


बोरीतांडा
२७ सप्टेंबर २०२५

ती. आबांस,
सविनय जय भीम. वि. वि.

तुमचं पत्र तीनदा वाचलं. आधी रागावले, मग तुमच्याऐवजी त्या पोराचा विचार करत बसले.

आदेश होता, म्हणून गेले. सभागृहात पंचेचाळीस शिक्षक, सगळे निवडून आणलेले. दिलेले कागद वाचून दाखवायच्या आधी मी विचारलं, आत्ता तुमच्या वर्गात कोण आहे. सेनगावकडच्या एक बाई म्हणाल्या, कुलूप. मग प्रत्येकाची शाळा आणि तिथली लेकरं मी फळ्यावर मांडत गेले. बेरीज अकराशे बारा झाली. जेवणाच्या सुट्टीनंतर तेरा जण परत आलेच नाहीत. आपापल्या शाळेत गेले होते.

साहेबांनी बोलावलं. माझ्यामुळं प्रशिक्षणाची उपस्थिती घटली, असं शांतपणे म्हणाले. मी म्हणाले, शिक्षक शाळेत टिकवायचे हाच तर विषय होता. त्यांनी बराच वेळ कागद चाळले आणि आदेश काढला: प्रशिक्षणाच्या कामी अकार्यक्षम, सबब मूळ शाळेत परत. गुणवंतांच्या यादीतूनही नाव गेलं. त्याचं थोडं वाईट वाटलंच, खोटं कशाला सांगू.

आज शाळेत पोचले. मधल्या दिवसांत गुरुजी एकदाच आले होते. जिवनबाई खिचडी चुलीवर ठेवून पहिलीला गोष्ट सांगून राहिल्या होत्या. तिसरीतल्या रुपानं माझ्या हातातला आदेश घेतला आणि मोठ्यानं वाचला. अकार्यक्षमपाशी ती थांबेल असं वाटलं, पण दोन्ही जोडाक्षरं सरळ म्हणून गेली. मग अर्थ विचारला. माझ्या आधी जिवनबाईंनीच सांगून टाकलं, की साहेब लोक ज्यांना उचलून नेत न्हाईत, त्यांना तसं म्हणतेत.

रुपा पळत बाहेर गेली आणि सगळ्या तांड्याला सांगून आली, की आपल्या बाई अकार्यक्षम झाल्या, आता कुठंच जात न्हाईत.

आईला जय भीम. माझ्यावर जीव असू द्या.
तुमची, पल्लवी