तांबड्या घोडीचा नाल

मी, या कागदाच्या शेवटी सही करणारी, धुलाईच्या दुकानाची मालकीण, माझं डोकं ठिकाणावर असताना आणि कोणीही मागे उभं राहून दटावत नसताना हे मृत्युपत्र लिहीत आहे. वकीलबाई म्हणाल्या, "मनाने खंबीर" असा शब्द घाला. घातला. हाताने खंबीर होते, हे घालायला कोणी सांगत नाही, म्हणून ते माझं मीच घालते. याआधी मी एखादं मृत्युपत्र केलं असल्यास ते रद्द समजावं. केलेलं नाही, पण असं लिहावं लागतं म्हणे.

दुकान, इस्त्रीची टेबलं, वाफेचं मशीन आणि वरच्या दोन्ही खोल्या माझ्या थोरल्याला, म्हणजे मुलाला द्याव्यात. दुकान तोच चालवतो आणि नीट चालवतो. डाग काढण्यात त्याचा हात धरणारा कोणी नाही. बँकेतली शिल्लक दोन्ही मुलांनी निम्मी-निम्मी घ्यावी आणि त्यावरून तोंडं वाकडी करू नयेत.

आमच्या ह्यांची घड्याळदुरुस्तीची हत्यारं धाकटीला, म्हणजे लेकीला. ह्यांनी चिमट्याने केसाएवढं चाक उचलावं आणि मी लोखंड वाकवावं. लोक म्हणायचे, जोडी उलटी जमली. हे म्हणायचे, "उलटी कसली, तिने वाकवलेलं सरळ करायची माझी छाती नाही." असा माणूस मिळायला नशीब लागतं, हे इथे नोंदवून ठेवते.

आता लोखंडाचं. मागच्या खोलीत पिंपभर जुने नाल आहेत. ओल्या चादरी पिळून पिळून माझ्या पंजाला जी ताकद आली होती, तिला काहीतरी काम हवं होतं. एकदा दुकानासमोरच एक नाल पडलेला सापडला, तो वाकवला आणि चटक लागली. मग तबेल्यात नालबंदाकडे गेले. तो म्हणाला, "काकू, दारावर लावायचा तर नवा घ्या, चकचकीत."

"मला जुनाच हवाय. लावायचा नाही, वाकवायचाय."

तो हसला नाही. "मग पुढच्या पायाचा न्या. मागच्या पायाचा निमुळता असतो, हात बसत नाहीत. आणि पुढून झिजलाय ना, ते बघून घ्या. तिथेच तो नमतो."

तेव्हापासून घोड्याच्या पायातून निघालेले नाल तो माझ्यासाठी बाजूला ठेवत आला. आज तो साक्षीदार म्हणून सही करणार आहे, आणि साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही देता येत नाही असा कायदा आहे. म्हणून त्याला द्यायचं ते मी कालच हातात दिलं. कायद्याला काय कळतंय.

दुसऱ्या साक्षीदार आमच्या शेजारीणबाई. "बाईमाणसाला हे शोभतं का?" असं त्या जन्मभर विचारत आल्या. त्यांच्या घट्ट बसलेल्या बरण्यांची झाकणं जन्मभर कोणी उघडून दिली, ते त्यांनी सही करताना आठवावं.

मुख्य कलम मागच्या खोलीचं. धाकटी नवऱ्याचं घर सोडून आली तेव्हापासून तिथेच राहते. इस्पितळात आजारी माणसांना उचलून बसवायचं तिचं काम. थोरल्याला ती खोली गोदाम म्हणून भाड्याने द्यायची आहे. एकदा जेवताना दोघांची जुंपली, तेव्हा मी वैतागून म्हणाले, "तांबड्या घोडीचा नाल जो वाकवील त्याची खोली. विषय संपला."

ती घोडी पाव पोचवायच्या गाडीला असायची. पाय इतका हलका टाकायची की नाल झिजायचाच नाही. तिचा एक नाल जाडजूड राहिला आणि मलाही दमवून गेला. थोडासा नमला होता खरा, पण पुढे हलला नाही.

शब्द तोंडून गेला आणि आठवड्याभरात थोरला वाकवलेला नाल घेऊन हजर. "घे आई. झाली की नाही खोली माझी?" मी नाल हातात घेतला. वाकावर निळसर झाक होती, म्हणजे भट्टीत तापवलेला. थंड वाकवला की गंज पापुद्र्याने सुटतो, रंग असा चढत नाही. शिवाय तो निमुळता होता, मागच्या पायाचा. पोराने पिंपातला पहिला हाताला लागला तो उचलला होता. खरा नाल तर धाकटीच्या उशाशी होता.

मी ओरडले नाही. तो तापवलेला नाल मी त्यालाच देत आहे. दुकानाचं दार वाऱ्याने आपटतं, तिथे लावावा आणि रोज बघावा. बाळा, तू वाईट नाहीस. तुला घाई फार.

धाकटी इस्पितळातून येते, इस्त्रीच्या जुन्या घोंगडीचा तुकडा नालाला गुंडाळते, एक टोक मांडीवर टेकवते आणि दुसरं ओढते. चेहरा लाल होतो. मग नाल भिंतीवर ठेवून कडेने पेन्सिल फिरवते आणि टोकं किती फाकली ते बघते. ही सवय माझी. त्या भिंतीवर आम्हा मायलेकींच्या प्रत्येक नालाची रेघ आहे. तिला विचारलं तर म्हणते, "आई, सुरुवात तू केलीस. मी फक्त पुढे ढकलतेय." मलाही तसंच वाटत होतं.

हे कलम लिहिण्याआधी मी चष्मा लावून भिंतीसमोर बसले. तांबड्या घोडीचा नाल आणला तेव्हाची माझी रेघ काळी. मी जीव काढून ओढल्यानंतरची निळी. तेव्हा घामाने डोळे चुरचुरत होते आणि हे टाळ्या वाजवत होते, रेघा ताडून कोण बघतो. आज बघितल्या. निळी रेघ काळीवरच बसली आहे. केसभरही इकडेतिकडे नाही.

म्हणजे माझ्याने तो नमलाच नव्हता. त्या नालाला आज जो दोन बोटं वाक आहे, तो पहिल्यापासून शेवटपर्यंत धाकटीचा आहे. जे मला जमलं नाही ते माझ्या लेकीने केलं, आणि श्रेय मला देत राहिली. याचा मला किती आनंद झाला ते मी लिहू शकत नाही.

दिलेला शब्द मी पाळते. मागची खोली, पिंप आणि ती भिंत माझ्या लेकीची. भिंतीला चुना लावू नये.

ठिकाण: मागची खोली. मंगळवार, दुपार.
सही: धुलाईवाली, आई

आम्ही दोघांनी ही सही आमच्यासमोर होताना पाहिली आणि एकमेकांसमोर आपापली सही केली.

साक्षीदार पहिला: नालबंद. घोडी माझ्या ओळखीची. नाल तोच आहे.

साक्षीदार दुसरी: शेजारीण. चष्मा लावून भिंत मीही पाहिली. रेघ एकच दिसते. आणि बरण्यांचं खरं आहे.