पेन्सिलीची फुली

३ नोव्हेंबर, सोमवार
राइस मिल बघायला पार्टी आली. मला खबर मशीन सांभाळणाऱ्या मिस्त्रीकडून! मशीनकडे वळूनही पाहिलं नाही, टेप लावून कंपाउंड मोजलं. एक म्हणाला, "मशीनरी तो कबाड़ है, जमीन अच्छी है." सोळा वर्षं मी चालवते आहे हे कबाड. दादाचा फोन बंद.

४ नोव्हें.
दादाला ऑफिसात गाठलं. घरच्या फायनान्स कं.चा तो एम.डी. मिल, कोहमारा गावातले दुकानाचे गाळे, सगळं कंपनीच्या मालकीचं. मी मिलची पगारी मॅनेजर. म्हणे, "आपला धंदा कर्ज द्याचा. मिल विकून देवरीले शाखा काढतो."
"आणि मी?"
"तुले बसवतो ना देवरीले. एसी आहे."
एसी! डोकं फिरलं.

६ नोव्हें.
आईच्या सहीशिवाय मिल विकता येत नाही. निम्म्याहून जास्त शेअर तिचे. घरच्या लक्ष्मीच्या नावावर असलं की बरकत, म्हणून बाबांनी तसं केलं. पण मीटिंगमध्ये लक्ष्मीला खुर्ची नव्हती. मीटिंग हॉलमध्ये, आई स्वयंपाकघरात. कागद आत जायचे, पेन्सिलीची फुली दिसेल तिथे ती सही करायची.
फुल्या मीच मारायची, कॉलेजात असल्यापासून. एकदा तिने विचारलं होतं, "वाचू काय?" मी म्हणाले होते, पोहे थंड होतील. आज स्वतःच्याच थोबाडीत द्यावीशी वाटली.

८ नोव्हें.
दादाने विक्रीचा कागद घरी पाठवला. तीन फुल्या. आईला चष्मा सापडेना म्हणून सही राहिली.
चष्मा माझ्या पर्समध्ये आहे. लाज वाटते, पण आहे.

९ नोव्हें., रविवार
मीही कागद टाइप करून आणला: विक्री नामंजूर, मिल चालू ठेवावी. चष्मा "सापडला" म्हणून दिला आणि कागद पुढे ठेवला. आईने दादाचाही कागद शेजारी ठेवला.
"थो दादाचा, हा तुया. दोन्हीवर फुली?"
सवयीने मारली गेली होती. म्हटलं, सही कुठे करायची ते कळावं म्हणून.
"कुठं करायची थे कळते मले. कायले करायची, थे कोणी सांगून नाही राहिलं."
कागद तिच्यापाशीच ठेवून मी उठले.

१० नोव्हें.
माझ्या टेबलावरचं खोडरबर आईने नेलं. दोन्ही कागद साफ. मग दादाला फोन, माझ्यासमोरच: "मीटिंग मिलवर ठेव. मले आधी मिल पाहाची आहे. एक डाव बी नेलं नाही तुमी मले."
घरून मिल पाव तासावर. सोळा वर्षांत मीही नेलं नाही.

१२ नोव्हें., बुधवार
आई मिलवर आली. उसन्या, म्हणजे उकड्या तांदळाची मूठ भरून वास घेतला, मिस्त्रीला पन्नास प्रश्न विचारले. मग थेट माझ्या खुर्चीवर. दादाला म्हणाली, "मिल पाडली त हा मिस्त्री कुठं जाईन?" मला वाटलं जिंकले. लगेच माझ्याकडे वळून: "आन् मशीनचे हे पट्टे एवढे फाटकेच काऊन? मशीन भंगार झाली म्हणते दादा, थे खोटं काय?"
कागद तिने घडी करून पिशवीत टाकले. "वाचीन, मंग सांगीन."
गेटपाशी दादाने हळूच विचारलं, "काय करीन व थे?"
माहीत नाही. आई काय करणार हे आम्हाला नेहमी माहीत असायचं, आमचीच फुली असायची ना. पिशवी धरायला मी हात पुढे केला, तिने दिली नाही.