भिंतीचं पाणी

शुक्रवार, १५ एप्रिल

आज भिंतीवर पंधरा घागरी पाणी मारलं. कोकणातल्या या जुन्या सिनेगॉगवर, म्हणजे ज्यू लोकांच्या प्रार्थनाघरावर, मागं कुणीतरी सिमेंट थापलं होतं. ते खरवडून पुन्हा चुना लावून राहिलोत. चुना ओला नाही ठेवला, तर तडकतो.

दुपारी मराठवाड्यातून, आमच्या लोह्याहून बायकोचा फोन. "आठ दिस झाले, टँकर आला न्हाई. तुम्ही काय करून राहिलात?"

"बसलोय," म्हणालो. भिंतीला पाणी पाजतोय, हे कोणत्या तोंडानं सांगू?

इथली देखभाल करणाऱ्या रिबेकाबाई म्हणतात, पुरी प्रार्थना व्हायला दहा पुरुष लागतात. गावात तीनच उरलेत, बाकीचे इस्रायलला गेले. मग ही भिंत कोणासाठी? आमची गल्लीबी अशीच रिकामी होऊन राहिली, पाण्यापायी.

उद्या शनिवार, त्यांचा विश्रांतीचा दिवस; आज संध्याकाळी दिवा लावला की त्यांच्यात कामाला हात लावत नाहीत. म्हणून बाईंनी दिवा लावायच्या आत मी भिंत ओली राहावी म्हणून तिच्यावर गोणपाट टांगलं आणि आणखी पाच घागरी ओतल्या.

ओतताना बायकोचा फोन पुन्हा वाजला. हात ओले होते. पुसून उचलता आला असता.

नाही उचलला.